इत्यादी मंडळी

चित्रात एक मुलगी जास्त होती. आधी ती ओमकारच्या कागदावर दिसली तेव्हा मी लक्ष दिलं नाही, कारण ओमकारचं काय सांगावं, मागच्या शनिवारी त्याने राजाच्या दरबारात जेसीबी उभा केला होता. पण मग सानवीच्या कागदावरही तीच निघाली, तिच्या धाकट्या भावाच्या रेघोट्यांतही तीच, आणि शमिकाच्या चित्रात तर तिला सगळ्यात जास्त रंग मिळालेला. दोन वेण्या, हातात डबा, एक चप्पल तुटलेली, आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी. राजा, राणी, प्रधान, आणि ही. मी चष्मा पुसला आणि कागद पुन्हा एकेक करून पाहिले. गेले कित्येक शनिवार या मुलांना मी पुस्तक वाचून दाखवते, प्रत्येक ओळ माझ्या तोंडून गेलेली, आणि त्यात वेण्यांची मुलगी नाही हे मला पक्कं माहीत होतं. "ही कोण गो?" मी शमिकाला विचारलं. तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं माझ्याकडे फक्त बँकेत पाहतात, चुकीच्या खिडकीशी उभी असले की. "आजी, तूच तर वाचतेस," ती म्हणाली. "ही इत्यादी."

स्वयंपाकघरात सुहास, म्हणजे माझे यजमान, मुलांसाठी पोहे परतत होते. तिकडून आधी हसू आलं, मग ठसका, मग झारा पडल्याचा आवाज. मी मात्र हसले नाही. माझं तोंड उघडलेलं होतं, जीभ तयार होती, 'अरे बाळांनो, इत्यादी म्हणजे' इथपर्यंत वाक्य आत जुळलं होतं आणि ते तिथेच राहिलं. कारण त्याच क्षणी मला आमचं पुस्तक त्यांच्या कानांनी ऐकू आलं. राजा, राणी, प्रधान, इत्यादी मंडळी शिकारीस निघाली. राजा एक, राणी दोन, प्रधान तीन, इत्यादी चार. आडनाव मंडळी. यात चूक कुठे आहे? पुस्तक जुनं, रद्दीतून आणलेलं, कव्हर नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही, पहिली आठ पानंही नाहीत. कोण कुणाचं कोण हे त्या गेलेल्या पानांत असणार असं आम्ही धरूनच चाललो होतो. राणीचीही ओळख कुणी करून दिली नव्हती, प्रधानाचीही नाही, मग इत्यादीचीच का मागायची? आणि नावाचं म्हणाल तर आमच्या नाचणे रोडच्या या बिल्डिंगमध्ये हल्ली बारशाला जाऊन मी जी नावं ऐकून येते, त्यात कुणी इत्यादी ठेवलंय म्हणालं असतं तर मी 'छान आहे हो, अर्थ काय?' एवढंच विचारलं असतं. पुस्तक लिहिणारा माणूस बहुधा हेडमास्तर असावा. त्याला दोन-तीन नावं झाली की दम लागायचा आणि तो इत्यादी लिहून मोकळा व्हायचा. दर पानावर इत्यादी. मुलांच्या लेखी दर पानावर ही पोरगी धावत येत होती, सगळ्यात मागून, डबा सांभाळत.

"मग ती बोलत का नाही?" मी विचारलं. हे मी का विचारलं देव जाणे. विचारलं तिथेच मी फसले. "तिला कुणी विचारतच नाय," सानवी म्हणाली. ओमकारने सांगितलं की मागे राजाने शेजारच्या राज्यात फळं, फुलं, इत्यादी पाठवली, तेव्हा तिला पेटाऱ्यात बसवून नेलं होतं, आणि तिने आतल्या आत अर्धी फळं खाल्ली. हे त्याला कुठून कळलं? तर पुढच्या पानावर 'नजराणा थोडा कमी भरला' असं होतं ना. होतं खरं. मी स्वतः वाचलं होतं.

आम्हाला मूल नाही. हे मी मुद्दाम एका वाक्यात सांगते, कारण लोक त्याचा ग्रंथ करतात. आमचं चांगलं चाललं, भांडणंही चांगली झाली, सिनेमे पाहिले, मालगुंडला जाऊन वाळूत बसलो, आणि निवृत्त झाल्यावर एका शनिवारी जिन्यात दंगा करणाऱ्या पोरांना गप्प करायला म्हणून मी दार उघडून मोठ्याने वाचायला लागले, ते अजून चालू आहे. शांत झाली ती झालीच. वाचून झालं की चित्रं, ही त्यांचीच पद्धत. ऐकलेलं काढायचं. सानवीच्या मुंबईच्या मावसबहिणीने तिला सांगितलं की याला फॅन आर्ट म्हणतात. सुहास म्हणाले, "पंख्याची चित्रं का?" आणि आठवडाभर त्यांना तोच विनोद पुरला. यंदा गणपती गेल्यावर चार घरांच्या मखरांचं सामान आमच्याकडे येऊन पडलं, सोनेरी कागद, झिरमिळ्या, पुठ्ठ्याचे खांब, आणि त्यातून राजाचा मुकुट झाला, प्रधानाची दाढी झाली, आणि शमिकाने पोफळीच्या विरीचा तुकडा कापून इत्यादीची बाहुली केली. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा तो जाड देठाकडचा पापुद्रा, त्याचा वास ओला असतो, आणि वाळल्यावरही पाठीसारखा बाक घेतो. बाहुली थोडी पुढे वाकून चालल्यासारखी दिसते. 'घाईत आहे ती,' शमिका म्हणते.

हळूहळू आणखी एक पद्धत पडली. मी वाचता वाचता यादी आली की बोट वर करायची आणि मुलं तो शब्द म्हणायची. हत्ती, घोडे, उंट, बोट वर, आणि सगळी एकदम, "इत्यादी." खालच्या मजल्यावरून एकदा कुणीतरी विचारायला आलं की तुमच्याकडे कसली आरती असते. या शब्दाला इतका मान कुणी कधी दिला नसेल. मला तर तो शब्द लहानपणापासून घरचा.

अलोऱ्याला कॉलनीत आम्ही चार बहिणी. आप्पा, म्हणजे आमचे वडील, तिथल्या वीज प्रोजेक्टच्या स्टोअरला कारकून होते, घर दोन खोल्यांचं, आणि साहेब कधी दारावरून गेले की आप्पा आम्हाला ओळीने उभं करायचे. "ही नंदा, ही मालन, ही शालू, आणि ह्या बाकीच्या." बाकीच्या म्हणजे मी एकटी. साहेब इकडेतिकडे बघायचे, आणखी कुठे लपल्यात का म्हणून. नंदाने, माझ्या थोरल्या बहिणीने, त्यावरून मला कितीतरी वर्षं 'बाकीच्या' म्हणूनच हाक मारली, अनेकवचनात. मला त्याचं वाईट वाटायचं का? थोडं वाटायचं. पण फायदाही होता. आप्पा रागावले की नंबराने रागवायचे. पाढे आले नाहीत, कुणाचा पेला फुटला, काही असो, आधी नंदा, मग मालन, मग शालू, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर त्यांचा आवाज बसलेला असायचा. ते माझ्याकडे बघत, श्वास घेत, आणि नुसतं म्हणत, "आणि तू गो." एवढंच. मग पाणी मागत. ते पाणी मीच आणून द्यायचे. तांब्या दोन्ही हातांनी धरून, सांडणार नाही असा. आप्पा पाणी पिताना डोळे मिटत आणि पिऊन झालं की रिकामा तांब्या माझ्या डोक्यावर उपडा धरत, टोपी घातल्यासारखा. बाकीच्या तिघींना हे कधी मिळालं नाही. त्या रडत असायच्या.

पुढे मी रेडिओवर लागले, निवेदिका म्हणून, आणि आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलं. बाजारभाव वाचले, भातावरच्या किडीचे उपाय वाचले, मच्छिमारांसाठी इशारे वाचले. तिथे पहिल्या दिवशी साहेबांनी एकच गोष्ट शिकवली, की वाचणाऱ्याने आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि कागदावरचं काही गाळायचं नाही. समुद्र खवळलेला राहील असं लिहिलंय तर खवळलेलाच राहील. थोडा खवळेल म्हणालीस आणि कुणी होडी काढली तर? ते मला पटलं, नुसतं पटलं नाही, हाडात गेलं. एकदा इशाऱ्यात चार बंदरांची नावं होती आणि पुढे इत्यादी. मी तसंच वाचलं. वाचून बाहेर येते तो फोन. मालगुंडच्या बाजूच्या कुठल्यातरी वाडीतून एक बाई, पाठीमागे कोंबड्यांचा आवाज, बाईचा आवाज दबलेला. "बाय, आमचा गाव त्या इत्यादीत येतो काय गो? घो निघालाय जाळी घेऊन." मी म्हटलं, येतो, येतो, थांबवा त्यांना. फोन ठेवला. मला वाटलं, केवढी माणसं राहतात या एका शब्दात, आणि त्यांना स्वतःलाच विचारावं लागतं की आम्ही आहोत ना आत. माईकवर मात्र पुढच्या वेळीही कागदावर होतं तेवढंच वाचलं. इत्यादी म्हणताना जरा थांबले असेन, इतकंच.

ही रेडिओची सवय, की जे वाचायचं ते आधी एकदा डोळ्यांखालून घालायचं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. बुधवारी दुपारी सुहास आडवे झाल्यावर मी ते काढून बसले. राज्यात राक्षस येतो, हे ठरलेलंच होतं, मुलं त्याची वाटच बघत होती, ओमकारने त्याचे दात आधीच करून ठेवले होते, पुठ्ठ्याचे. पान उलटलं आणि वाक्य समोर आलं. 'तेव्हा त्या राक्षसाने नगरातील बैल, बकरे, गाड्या, तेलाची पिंपे इत्यादी गिळंकृत केली व तो नदीकाठी आडवा झाला.' मी ते पुन्हा वाचलं. मग पुढची पानं भराभर चाळली. राक्षस मरतो, राजा जिंकतो, पण त्याच्या पोटातून काही बाहेर येत नाही. आणि त्या वाक्यानंतर पुस्तक संपेपर्यंत इत्यादी हा शब्द पुन्हा एकदाही नाही. हेडमास्तरांनी तिला नेमकं इथे खलास केलं होतं.

हसू यायला हवं होतं. साठी उलटलेली बाई एका अव्ययासाठी घाबरून बसली आहे, ही काय सांगायची गोष्ट आहे? पण आदल्याच दिवशी जिन्यात शमिकाची आई भेटली होती. ती दवाखान्यात नर्स आहे, नवरा मुंबईला कामाला, गणपतीला येतो नि शिमग्याला येतो, आणि हिची रात्रपाळी लागली की शमिका तिच्या म्हाताऱ्या आजीबरोबर असते, जिला संध्याकाळी सातनंतर ऐकू येत नाही असं शमिकाच सांगते. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली, "आजी, तुम्ही काय जादू केलीत? आधी माझी ड्युटी म्हटलं की रडायची, पायाला धरायची. आता म्हणते जा तू, इत्यादी हाय माझ्याबरोबर." आणि मग जरा लाजून, "इत्यादी म्हणजे कोण हो?" मी म्हटलं, गोष्टीतली आहे. आणि वर येऊन उगाचच कपडे घड्या करत बसले, इतका आनंद झाला होता मला. आता त्याच मुलीसमोर बसून मी वाचणार की इत्यादी गिळंकृत. गिळंकृतचा अर्थ त्यांना कळत नसेल या आशेवर मी क्षणभर होते. पण ओमकारला कळेल. खाण्याचे सगळे शब्द त्याला कळतात.

"गाळ तो शब्द," चहाला उठल्यावर सुहास म्हणाले. "कोण बघतंय?"

"मी बघत्येय."

"मग खरं काय ते सांगून टाक. शब्द आहे, मुलगी नाही."

"म्हणजे राक्षसाने खाल्ली तर निदान ती होती तरी. मी सांगितलं तर ती कधी नव्हतीच."

त्यांनी कपातलं बिस्किट वेळेवर बाहेर काढलं, जे त्यांना सहसा जमत नाही, आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "रेणू," ते म्हणाले, "तू पुस्तकाच्या बाजूची आहेस की पोरांच्या?" असले सोपे प्रश्न विचारायची त्यांना वाईट खोड आहे. मी म्हटलं, तुम्ही भाजी निवडा.

शनिवारपर्यंत मी ते वाक्य सगळीकडे वाचत होते. कुकरच्या शिट्टीत, मारुती मंदिरच्या भाजीवालीसमोर, ती म्हणाली मेथी, पालक, माठ, आणि मी पुढचा शब्द मनात म्हणून मोकळी. वाक्य वेगळ्या जागी तोडून बघितलं. आवाज खाली घेऊन बघितला. खोकला काढायचा विचार केला, म्हणजे बघा, उभ्या जन्मात माईकसमोर न खोकलेली मी. प्रत्येक वेळी दोघी समोर यायच्या, कोंबड्यांच्या आवाजातली ती बाई आणि शमिका, आणि दोघींचा प्रश्न एकच असायचा. आम्ही आहोत ना आत? बाईला आत असायला हवं होतं. हिला मात्र बाहेर. एकाच शब्दाकडून किती मागायचं?

शनिवारी सगळी आली. ओमकारने दात लावले होते म्हणून तो बोलत नव्हता, ही एक चांगली गोष्ट. शमिका बाहुली मांडीवर घेऊन अगदी पुढे, माझ्या गुडघ्याला तिचा गुडघा लागेल अशी. सुहास पोहे गॅसवर ठेवून झारा हातात घेऊन दारात उभे राहिले, आज त्यांनाही ऐकायचं होतं. मी वाचायला लागले. काहीही ठरलेलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. राक्षस आला, त्याची पावलं वाचली, त्याची भूक वाचली, मुलं एकमेकांना चिकटली. 'तेव्हा त्या राक्षसाने नगरातील बैल, बकरे, गाड्या, तेलाची पिंपे,' आणि सवयीने माझं बोट वर गेलं.

कुणी बोललं नाही.

रेडिओवर असं झालं तर वरपासून खालपर्यंत सगळ्यांची झोप उडायची. एवढा वेळ काही न बोलता मी कधी कुठल्या कागदासमोर बसले नव्हते. बोट तसंच वर. सानवीचे ओठ घट्ट मिटलेले, तिने धाकट्या भावाच्या तोंडावर हात दाबून धरलेला. ओमकारने दात काढून मुठीत लपवले. शमिकाने बाहुली पोटाशी घेतली होती आणि ती माझ्याकडे बघत होती, घाबरून नाही, वाट बघत, की आजीला कळतंय का. गॅसवर पोहे लागल्याचा वास आला आणि सुहास हलले नाहीत.

"तिचा नंबर आला नाय, आजी," शमिका म्हणाली.

"म्हणजे?"

"त्याने नंबराने खाल्लं ना. बैल, मग बकरे, मग गाड्या. ती शेवटी असते. तिच्यापर्यंत येईस्तोवर त्याचं पोट भरलं."

"तेल पण प्यायला तो," सानवी म्हणाली.

"गाड्या पचत नाय," ओमकार म्हणाला.

"वाच ना पुढे," शमिका म्हणाली, "आता तो झोपतो बघ."

मला काही दिसेना. अक्षरं हलत होती. अलोऱ्याच्या त्या दोन खोल्यांत कुणीतरी माझ्याकडे बघून श्वास घेत होतं, आवाज बसलेला, आणि तांब्या गार होता. इतकी वर्षं मला वाटत आलं की आप्पांना माझं नाव घ्यायचा कंटाळा होता. तसा तो असेलही. पण चौघींत मीच एकटी होते जिला त्यांचा राग कधी पोचला नाही, जिच्या वाट्याला पाणी आणून देणं तेवढं उरलं. किती सुखाची होती ती जागा, शेवटची. मी बोट खाली घेतलं. 'गिळंकृत केली व तो नदीकाठी आडवा झाला,' मी वाचलं, शमिका म्हणाली होती तसा तो खरंच झोपला, आणि मुलांनी श्वास सोडला. मी काही घातलं नव्हतं, काही गाळलंही नव्हतं. तो शब्द त्यांनी म्हणायचा होता, त्यांनी म्हटला नाही. मी पाणी मागितलं. ओमकारने पेला भरून आणला, अर्धा सतरंजीवर सांडला.

मग राक्षस मेला, राजा जिंकला, आणि शेवटचं पान संपलं. मी पुस्तक मिटलं. एरवी या वेळी रंगांच्या डब्यांवर उड्या पडतात, आज कुणी उठलं नाही. शमिकाने बाहुली पुस्तकावर ठेवली, पुढे वाकलेली, घाईत. "आता ही कुठे जाणार?" तिने विचारलं. "पुस्तक तर संपलं."

कपाटात दुसरी पुस्तकं होती, चांगली, कव्हर असलेली. त्यांच्याकडे मी पाहिलं. सुहास दारातून माझ्याकडे बघत होते आणि मला तो चेहरा ओळखीचा आहे, त्यांना उत्तर आधीच माहीत असतं आणि ते सांगत नाहीत. माझ्या हातात काही नव्हतं. कागद नाही, ओळ नाही, बोट ठेवायला जागा नाही. माझा आवाज मला अनोळखी वाटला, लहान, थोडा अलोऱ्याचा.

"एका कॉलनीत चार बहिणी राहायच्या," मी म्हटलं. "नंदा, मालन, शालू," आणि थांबले. बोट मी वर केलं नव्हतं.

"इत्यादी," सगळी एकदम म्हणाली.